सातवी ओळ

आत्या : कडी काढ, पिलनाम. तीन वाजून गेले.

पिलनाम : नाही काढणार. मघाशी सांगितलं ना, आत्या.

आत्या : मघाशी मला वाटलं, चुलीपाशी डोकं तापलंय, उतरेल थोड्या वेळानं. अगं, चार वाजता तुझ्या आईचं वर्षश्राद्ध. तेही पहिलं. बैठकीत नऊ पुरुष पांढरे झगे चढवून बसलेत, आणि नैवेद्य सगळा तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात कोंडलेला. असलं कुणी केलेलं मी पंच्याऐंशी वर्षांत पाहिलं नाही.

पिलनाम : मीही नाही पाहिलं.

आत्या : ऑक्टोपस तरी शिजलाय ना नीट? गेल्या खेपेला चिवट राहिला, तर खालच्या घरचा म्हातारा सहा महिने दात दाखवत फिरत होता गावभर.

पिलनाम : शिजलाय. मासा वाफवून झाला, भाज्या झाल्या, बोरं रचून झाली. दारू गाळून ठेवलीय. सगळं तयार आहे. पहिला प्याला कोण ओतणार, एवढंच ठरायचंय.

आत्या : ते ठरून एकतीस वर्षं झाली. तुझ्या बापाला पाच मुलीच झाल्या, म्हणून तर पुतण्याला दत्तक घेतला. जेवॉन बुसानहून सकाळी सहाला निघून आलाय बिचारा. प्याला त्याचा.

पिलनाम : आई रस्त्यात भेटली असती तर त्यानं ओळखलं असतं का तिला?

आत्या : ओळखायचंय कशाला? प्याल्यात दारू ओतायची, गुडघे टेकायचे, डोकं टेकवायचं. तेवढं येतं त्याला. नाहीतरी काय काय करायचं ते कागदावर लिहून बाहीत लपवलंय त्यानं. मी पाहिलं.

पिलनाम : बघा.

आत्या : काय बघा? कडी काढ म्हणते ना.

बाबा : अक्का, तू जरा बाजूला हो. पिलनाम, मी बोलतो आहे.

पिलनाम : ऐकतेय, बाबा.

बाबा : घराण्याच्या पाचही घरांचे वडीलधारे आले आहेत. त्यांच्या देखत हे वर्तन शोभत नाही. आधी ताटं बाहेर दे. तुला जे काही म्हणायचं असेल ते उद्या सकाळी आपण निवांत बोलू.

पिलनाम : उद्या श्राद्ध होऊन गेलेलं असेल.

बाबा : पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

पिलनाम : पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल, गेल्या वर्षी जेवॉननं ओतला, आता तीच रीत. मला माहीत आहे ना या घरात रीत कशी पडते. आईला पहिला प्याला मी देणार. नाहीतर या दारातून भाताचं शीतसुद्धा बाहेर येणार नाही.

आत्या : अगं, बापाशी बोलतेस तू.

पिलनाम : म्हणून तर दार लावून बोलतेय. समोर उभी राहिले असते तर यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नसतं.

बाबा : हे कोर्टाच्या निकालावरून आलेलं दिसतंय. मीही वर्तमानपत्र वाचतो. यंदा उन्हाळ्यात सोलच्या मोठ्या न्यायालयानं सांगितलं, मुलीही घराण्याच्या सभासद. घराचा कर्ता पुरुष, ही नोंदसुद्धा दोन-तीन वर्षांत दप्तरातून जाणार म्हणे. जाऊ दे. न्यायालय माझ्या घरी श्राद्ध घालायला येत नाही.

पिलनाम : मी कोर्टाचं नाव काढलं का?

बाबा : मग हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?

पिलनाम : आईनं. शेवटच्या हिवाळ्यात. अर्धांगानंतर तिची जीभ जड झालेली, तुम्हाला कळायचंच नाही ती काय म्हणते ते. मला कळायचं. बारा वर्षं मी भरवलं तिला. एकदा पेज भरवताना म्हणाली, मी गेल्यावर परक्याच्या हातचं मला उतरणार नाही गं, तूच दे.

बाबा : मला असं काही बोलली नाही.

पिलनाम : तुम्हाला ती कधी काही बोलली, बाबा?

आत्या : पुरे, पिलनाम.

बाबा : राहू दे, अक्का. जेवॉन परका नाही. वंशावळीत माझ्या नावापुढे त्याचं नाव आहे.

पिलनाम : आणि आमची? पाच मुली झाल्या तुम्हाला. वंशावळ उघडली की पाच जावई दिसतात. माझ्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव आहे, आणि तो मरून पंधरा वर्षं झाली. आईच्या जागी तिच्या माहेरचं नुसतं आडनाव. आज ज्या कागदी पाटीपुढं तुम्ही सगळे वाकणार आहात ना, त्या पाटीवरही तेच. आडनाव. परगावच्या माणसानं वाचलं तर त्याला कळायचं नाही, मेलं कोण ते.

बाबा : पाटी शास्त्राप्रमाणे लिहिली आहे.

पिलनाम : तुमच्याच अक्षरात. छान आहे अक्षर.

आत्या : पोरी, टोमणे मारायला तुला बरं सुचतं कोंडून घेतल्यावर.

पिलनाम : बावन्न वर्षांचे साठलेत, आत्या. माझ्या जन्माच्या वेळी आजीनं आईला बाळंतिणीचं शेवाळाचं सूपसुद्धा करू दिलं नाही. तिसरी मुलगी झाली म्हणून. नाव काय ठेवलं, तर पिलनाम. पुढचा मुलगाच. कुणी हाक मारली की वाटतं, मला नाही मारली, माझ्या मागून जो येणार होता त्याला मारली.

आत्या : सूप मिळालं तिला.

पिलनाम : माहीत आहे.

आत्या : युद्धात माझा नवरा गेला तेव्हा मी इथंच येऊन राहिले होते. तिसऱ्या दिवशी मीच झग्याआड... आता काय सांगायचं, वाटी भाजत होती पोटाला. तुझ्या आजीच्या खोलीवरून न्यायची होती. तुझ्या आईनं सांगितलं तुला?

पिलनाम : दर वाढदिवसाला सांगायची.

आत्या : असं होय. मला वाटलं, विसरली असेल.

बाबा : आपण विषयावर राहू. पिलनाम, तुझा हट्ट आईच्या मायेपोटी आहे, हे मी जाणतो. म्हणून एक मार्ग सुचवतो. दुसरा प्याला घरच्या सुनेचा असतो. जेवॉनची बायको आज आलेली नाही. तो प्याला तू ओत. कुणी हरकत घेतली तर मी पाहून घेईन. याहून अधिक माझ्या हातात नाही.

आत्या : बघ. एवढं तर आजवर कुणी दिलं नाही. घे आणि कडी काढ.

पिलनाम : दुसरा प्याला सुनेचा, बाबा. मी सून नाही. मी तिची लेक आहे.

बाबा : लेक लग्नानंतर परक्या घरची. हे मी नाही म्हणत. बैठकीच्या भिंतीवर काचेत लावलेला कागद म्हणतो. आपल्या पूर्वजांनी तीनशे चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहून ठेवला. दर चुसॉकच्या सणाला मी घरच्या मुलग्यांना तो वाचून दाखवतो. तूही दाराआड बसून ऐकत आली आहेस. 'आमच्या घरी श्राद्धाची पाळी यापुढे मुलींकडे जाणार नाही. नातवंडं-पतवंडांनी हे पाळावं, आणि न पाळेल त्यानं माझ्यापुढे वाकू नये.' यात संदिग्ध काय आहे?

पिलनाम : किती ओळी आहेत त्या कागदावर?

बाबा : कशाला?

पिलनाम : सांगा ना. तुम्हाला तोंडपाठ आहे.

बाबा : अकरा. उभ्या अकरा ओळी.

पिलनाम : तुम्ही दहा वाचता.

आत्या : पिलनाम.

पिलनाम : आठ वर्षांची होते, तेव्हापासून मोजतेय. बैठकीचं दार कागदाचं, त्याला भोक होतं, बोटाएवढं. तुम्ही हातात बांबूची काडी धरता आणि ओळीवरून वरून खाली आणता. सहावी ओळ संपली की एक मोठा श्वास घेता. श्वास होईपर्यंत काडी आठव्या ओळीच्या डोक्यावर गेलेली असते. दर वर्षी. एकदाही चुकलं नाही.

बाबा : जुनी लिहिण्याची पद्धत. काही भाग मुलांच्या आकलनापलीकडचा असतो.

पिलनाम : एकच ओळ?

बाबा : तुला काय समजणार आहे त्या अक्षरांतलं? सहावीपर्यंत शाळा तुझी.

पिलनाम : सहावीनंतर तुम्ही थांबवलीत, म्हणून सहावीपर्यंत. दर गुरुवारी मी दुपारी कुठं जात होते, बाबा?

बाबा : बाजारात. मीठ, सोयाबीन वगैरे.

पिलनाम : नऊ वर्षं दर आठवड्याला कुणाला एवढं मीठ लागतं? तालुक्याच्या कचेरीत म्हाताऱ्या माणसांसाठी जुन्या चिनी अक्षरांचा वर्ग भरतो. दोन ते चार. अकरा म्हातारे आणि मी. आणि त्या चौकटीची काच दर शनिवारी कोण पुसतं? पुसायला चढले की दोन अक्षरं तळहातावर लिहून घ्यायची, गुरुवारी गुरुजींना दाखवायची. ते विचारायचे, कुठून आणतेस ही? मी म्हणायचे, भिंतीवरून. अकरा ओळी व्हायला तीन वर्षं लागली. मधल्या उन्हाळ्यात आईचं दुखणं वाढलं, तेव्हा राहिलं होतं.

आत्या : आणि मला वाटायचं, तिथं तुझं कुणी आहे.

पिलनाम : आत्या.

आत्या : वाटायचं, खरंच. म्हटलं, असू दे बापडं.

बाबा : अक्का, ही थट्टेची वेळ नव्हे. पिलनाम, आवाज खाली ठेव. बैठकीत ऐकू जाईल.

पिलनाम : जाऊ दे. सातवी ओळ मी हळूच म्हणते, तुमच्यापुरती. 'आजवर इतर घरांप्रमाणे आमच्याही घरी मुलगे व मुली आळीपाळीनं श्राद्ध घालत आले. माझ्या आजीचं श्राद्ध माझ्या आत्यानं घातलं. त्यात काही उणं नव्हतं.'

आत्या : काय म्हणालीस?

पिलनाम : आत्यानं घातलं. उणं नव्हतं.

आत्या : पुन्हा म्हण. उजव्या बाजूनं म्हण, दाराच्या इकडून. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही.

पिलनाम : 'माझ्या आजीचं श्राद्ध माझ्या आत्यानं घातलं. त्यात काही उणं नव्हतं.'

बाबा : आणि पुढची आठवी ओळ? ती नाही म्हणत तू. तिच्यात त्यांनी ती प्रथा मोडली. विचारपूर्वक मोडली. शेवटचा शब्द तोच धरायचा असतो.

पिलनाम : धरते ना. आठवी पण पाठ आहे. 'पण आता लेकींची घरं दूर गेली, वाटा वाईट आहेत, दोनदा पाळी चुकली आणि मृतांना उपाशी राहावं लागलं. म्हणून यापुढे पाळी मुलींकडे नको.' वाटा वाईट, म्हणून. बायका अशुद्ध म्हणून नाही, हलक्या म्हणून नाही. वाटा वाईट. बाबा, मी याच घरात राहते. या चुलीपासून आईच्या पाटीपर्यंत बावीस पावलं आहेत. ज्याला पहाटे उठून तीन तास गाडी हाकत यावं लागतं, तो जेवॉन आहे.

बाबा : तू शब्दांचा कीस काढते आहेस.

पिलनाम : तुम्हीच शिकवलंत, शब्द पाळायचे.

बाबा : मी दार मोडायला सांगू शकतो. बैठकीत चार धट्टेकट्टे आहेत.

पिलनाम : सांगा. दार मोडून आलेला नैवेद्य आईपुढं ठेवा. मग मी आजच माझी पेटी भरते आणि थोरल्या ताईकडं जाते. पुढच्या महिन्यात आजोबांचं श्राद्ध, त्यापुढच्या महिन्यात पणजीचं, वर्षात तेरा. त्यांना जेवॉन बुसानहून बांधून आणलेलं घालेल. मी हे भीती घालायला नाही बोलत. मला खरंच राहवणार नाही इथं.

आत्या : हिला आता जाऊ नको म्हण, ग्यूह्वान. बाप ना तू तिचा?

बाबा : अक्का, तू मघाशी माझ्या बाजूनं होतीस.

आत्या : मी अजूनही कुणाच्या बाजूनं नाही. मला एवढंच वाटत होतं की, हिनं गप बसावं. मी नाही बसले, तर काय मिळालं?

पिलनाम : तुम्ही?

आत्या : ते भोक तुला आयतं मिळालं, बाई. पाडलं मी. करंगळी थुंकीत बुडवून. दहा वर्षांची होते. तेव्हा आमच्या वडलांच्या हातात काडी असायची, आणि हा मांडीशी बसलेला, सहा वर्षांचा. मला अक्षर एक येत नव्हतं, पण मोजता येत होतं. वाचन संपल्यावर मी सगळ्यांदेखत आत जाऊन विचारलं, बाबा, एक ओळ राहिली का? मला वाटलं, हुशार म्हणतील.

पिलनाम : मग?

आत्या : मग डावा कान.

पिलनाम : तुम्ही तर म्हणायचात, लहानपणी ताप आला होता.

आत्या : तापच म्हणायचा. ते शहाण्यासारखं वाटतं सांगायला. म्हणून तुला पहिल्यापासून सांगतेय, कडी काढ आणि गप बस. मला मिळालं नाही ते तुला मिळावं असं मला वाटतं की नाही, ते मला विचारू नकोस. मघापर्यंत वाटत नव्हतं. राग येत होता तुझा.

पिलनाम : आता?

आत्या : आता उणं नव्हतं म्हणालीस ना. ते डोक्यात फिरतंय.

बाबा : अक्का, हे मला ठाऊक नव्हतं.

आत्या : तू तिथंच होतास.

बाबा : मला एवढंच आठवतं, तू रडत होतीस आणि मला चेस्टनट दिला होता कुणीतरी. गप बसावं म्हणून.

आत्या : खाल्लास ना?

बाबा : खाल्ला असेल.

आत्या : खालच्या घरचा म्हातारा खाकरायला लागला. ऐका. म्हणजे आता उठून येईल तो.

बाबा : खाकरू दे. पिलनाम, तू ऐकते आहेस ना? मला वाचायला शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडलांनी माझा हात धरून काडी फिरवली. सहाव्या ओळीशी म्हणाले, इथं श्वास घे आणि आठवीवर जा. मी विचारलं, सातवी का नाही? म्हणाले, दाराआड बायका ऐकतात. बस, एवढंच. त्यांना त्यांच्या वडलांनी सांगितलं असेल. मी पुढं कुणाला विचारलं नाही. जेवॉनला शिकवलं तेव्हा मीही तेच सांगितलं. इथं श्वास घे.

पिलनाम : त्यानं विचारलं का, का म्हणून?

बाबा : नाही. त्यानं विचारलं नाही. तुला समजतंय का, मी कशात सापडलो आहे? साठ वर्षं मी त्या माणसांना अर्धवट वाचून दाखवलं. त्यांचे बाप माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. आज तू प्याला उचललास तर ते 'कशाच्या आधारावर' म्हणतील. आधार म्हणून ती ओळ दाखवावी लागेल. मग ते तुला नाही, मला विचारतील. एक्याऐंशीव्या वर्षी मला खोटं ठरवशील तू.

पिलनाम : मला माहीत होतं ते. म्हणून तर ओळ कळल्यावरही सहा वर्षं बोलले नाही. चुसॉकला तुमचा श्वास ऐकायचे आणि भांडी घासायला जायचे.

बाबा : मग आजच का?

पिलनाम : आज आईचं आहे.

बाबा : तिला... तुझ्या आईला कळलं होतं हे? सातव्या ओळीचं?

पिलनाम : मी सांगितलं. त्याच हिवाळ्यात, एका दुपारी. सगळा कागद म्हणून दाखवला.

बाबा : काय म्हणाली?

पिलनाम : नको, बाबा.

बाबा : सांग. शिव्या दिल्या असतील तरी सांग.

पिलनाम : हसली. अर्ध्याच तोंडानं हसता यायचं तिला. म्हणाली, म्हणून श्वास घेतात होय ते? मला वाटायचं, यांना तिथं दम लागतो. छाती कमजोर असेल.

बाबा : दम.

पिलनाम : दर चुसॉकला वाचन झाल्या झाल्या ती तुम्हाला आल्याचा काढा आणून द्यायची ना? मध घातलेला? सहाव्या ओळीला श्वास ऐकला की ती उठायची आणि चुलीवर ठेवायची. अर्धांग होईपर्यंत बेचाळीस सण झाले, म्हणाली. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिला बैठकीजवळ यायची परवानगी नव्हती, ती सोडून.

आत्या : मी विचारलं होतं तिला एकदा, याच दिवशी कसला काढा. तर म्हणाली, हवा बदलते.

बाबा : मी तो प्यायचो. मला आवडायचा. मी कधी विचारलं नाही कशासाठी.

पिलनाम : अक्षरं शिकायला निघाले, तेव्हा तीच म्हणाली होती, मीठ संपलंय म्हणून सांग.

आत्या : ग्यूह्वान, भिंतीला टेकू नको, ओल आहे. बस इथं पायरीवर. बस म्हणते ना.

बाबा : नको. पिलनाम, दार उघड.

पिलनाम : ताटं नाही देणार.

बाबा : ताटं न्यायला नाही आलो. मला आत यायचं आहे.

आत्या : तू? स्वयंपाकघरात?

बाबा : माझ्या घरातलंच आहे ना ते?

(कडी निघते. म्हातारा उंबऱ्याशी थांबतो, झगा हातात गोळा करतो आणि आत येतो. मागोमाग आत्या.)

आत्या : एक्याऐंशी वर्षं झाली आणि याला आज माहीत होतंय, आपलं जेवण कुठून येतं. डोकं सांभाळ, तुळई खाली आहे.

बाबा : बसायचं कुठं?

पिलनाम : त्या पालथ्या टोपल्यावर. ते काय, हं. झगा राखेत जाईल, वर घ्या.

बाबा : ही वाटी तिची होती ना? कड उडालेली?

पिलनाम : हो. पूजेत चालत नाही म्हणून इथं ठेवलीय.

बाबा : बाहेर ने ती. तिच्यातच सूप वाढ. शेवाळाचं आहे का?

पिलनाम : श्राद्धाला नसतं ते. पण मी केलंय. निराळं. नेणार नव्हते.

बाबा : तेही ने. अक्का, जेवॉनला सांग, पहिला प्याला तो ओतणार नाही. दारूचं भांडं धरून पिलनामच्या डाव्या हाताला बसेल.

आत्या : सुटलो म्हणेल. त्याच्या बाहीतला कागद घामानं भिजला असेल एव्हाना. आणि त्या खाकरणाऱ्याला काय सांगू?

बाबा : त्याला सांग, आज श्राद्धाआधी भिंतीवरचा कागद वाचला जाईल. चुसॉकची वाट न बघता. अकराच्या अकरा ओळी. नंतर ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, ज्याला उठून जायचं त्यानं जावं. मी कुणाचा झगा धरणार नाही.

आत्या : अर्धे उठतील.

बाबा : उठू देत. ऑक्टोपस उरेल.

पिलनाम : बाबा, तुम्ही वाचाल? सातवीसकट?

बाबा : मला जमणार नाही. खोटं नाही बोलत, पिलनाम, मी मघाशी दाराबाहेर मनात म्हणून पाहिलं. सहावी संपली की जीभ आपोआप थांबते, आणि पुढं आठवीच निघते. बहात्तर वर्षांची सवय आहे. वाचायचं तू.

पिलनाम : मी? बैठकीत? त्या सगळ्यांच्या समोर?

आत्या : आता गं? आत्तापर्यंत तर वाघीण होतीस.

पिलनाम : दाराआड होते मी, आत्या. बैठकीत मी फक्त काच पुसायला गेलेय. कुणी नसताना.

बाबा : काडी माझ्या हातात असेल. मी ओळीवर ठेवीन, तू म्हणायचं. एकदा इथं म्हणून दाखव. मी ऐकतो. हळू म्हण, घाई करू नकोस.

पिलनाम : 'मी, या घराचा तेरावा कर्ता, आजारी शरीरानं पण स्वच्छ मनानं हे लिहितो.' एवढ्या मोठ्यानं पुरे?

बाबा : जरा मोठ्यानं. शेवटचा म्हातारा बहिरा आहे.

पिलनाम : 'घर टिकतं ते मृतांच्या आठवणीनं. आठवण टिकते ती वेळेवर वाढलेल्या ताटानं...'

आत्या : हे मात्र खरं लिहिलंय त्यानं.

बाबा : अक्का. पुढं. सहावी.

पिलनाम : 'म्हणून श्राद्धाची पाळी कुणाची, हे माझ्यामागं तंटा होऊ नये यासाठी मी स्पष्ट करून ठेवतो.'

आत्या : का थांबलीस?

पिलनाम : थांबले नाही मी. मी... बाबा, मलाही तीच सवय लागलीय.

बाबा : ऐकलं मी. पुन्हा सहावीपासून घे. आणि पिलनाम, इथं श्वास घ्यायचा नाही.